हॉकी स्टिकचा बो कसा निवडायचा: लेबल बाजूला ठेवा, आधी दोन आकडे मोजा

स्टिक घ्यायला गेलेला खेळाडू लांबी विचारतो, वजन विचारतो, कार्बन किती टक्के तेही विचारतो. बो, म्हणजे स्टिकचा बाक, मात्र लेबलवर जे छापलंय तेच खरं मानून घेऊन येतो. दोन आठवड्यांत तक्रारी सुरू होतात. फ्री हिट मारली की बॉल गुडघ्यापर्यंत उडतो. साधा पास थांबवायला गेलं तर बॉल स्टिकवर चढून पुढे निघून जातो. मग हाताला दोष, टर्फला दोष, शेवटी स्टिकला दोष. बहुतेक वेळा स्टिकमध्ये काहीच खोट नसते. ती वेगळ्या प्रकारच्या खेळासाठी बनवलेली असते, एवढंच.

इथे विचार मैदानी हॉकीच्या स्टिकचा आहे, तोही मैदानात धावणाऱ्या खेळाडूच्या. गोलकीपरच्या स्टिकचं गणित निराळं, ते यात धरलेलं नाही.

आधी एवढं समजून घ्या: बो म्हणजे दोन आकडे

स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवा. हेड (बॉल मारायचा खालचा वळलेला भाग) टेकतं, दांड्याचं वरचं टोक टेकतं आणि मधे फट राहते. हा बाक म्हणजेच बो. त्याची ओळख दोन आकड्यांनी होते: फट जास्तीत जास्त किती मिलिमीटर आहे, आणि ती हेडच्या तळापासून किती अंतरावर आहे.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार फट २५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि तिचा सर्वांत खोल बिंदू हेडच्या तळापासून २०० मिमीच्या आत चालत नाही. म्हणून बाजारातल्या 'लो', 'लेट', 'एक्स्ट्रा लो', 'प्रो' अशा नावांच्या बहुतेक स्टिक २४-२५ मिमीच्या आसपास असतात. खरा फरक असतो तो दुसऱ्या आकड्यात, म्हणजे बाक कुठे आहे यात. एका कंपनीचा 'मिड' दुसऱ्या कंपनीच्या 'लो'जवळ जाऊ शकतो. नावांवर भरवसा ठेवू नका म्हणायचं ते यासाठी.

टप्पा १: तुम्ही मैदानावर प्रत्यक्ष काय करता ते मोजा

हा टप्पा गाळला की पुढचे सगळे टप्पे अंदाजपंचे होतात. आपण ड्रॅग-फ्लिकर (बॉल स्टिकला लावून ओढत नेऊन उचलून मारणारा) आहोत असं वाटणं आणि सामन्यात आपल्या वाट्याला ड्रॅग-फ्लिक येणं, यात बरंच अंतर असतं.

दोन पूर्ण सामने कुणाला तरी बाहेर कागद-पेन देऊन बसवा. चार रकाने पुरेत:

- हिट, स्लॅप, स्वीप (स्टिक मागे नेऊन मारलेले फटके)
- पुश (बॉलला स्टिक लावून ढकलणं)
- थांबवलेले बॉल (सरळ आणि रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, दोन्ही)
- उचललेले बॉल: स्कूप (बॉलखाली स्टिक घालून उचललेला), एरियल (हवेतून टाकलेला लांब पास), फ्लिक, समोरच्याच्या स्टिकवरून उडवून काढलेला ड्रिबल

सरावातले आकडे यात मिसळू नका. सरावात सगळेच फ्लिक मारतात.

दोन सामन्यांनंतर चौथा रकाना पाहा. दर दहा स्पर्शांत एकही उचललेला बॉल नसेल, तर लो बोचा, म्हणजे हेडजवळच्या बाकाचा, फायदा तुम्हाला मिळणार नाही. तोटा मात्र उरलेल्या प्रत्येक स्पर्शाला होईल. बचावपटूच्या कागदावर पहिला आणि तिसरा रकाना भरलेला दिसतो, मिडफिल्डरच्या कागदावर दुसरा आणि तिसरा. पण जागेच्या नावावरून निर्णय घेऊ नका. फुलबॅक असून संघाचे सगळे एरियल तोच टाकतो, असे खेळाडू पुष्कळ आहेत.

> खबरदारी: मैदान कुठलं हेही कागदावर लिहा. मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर बॉल उसळत येतो. तिथे बॉल थांबवणं मुळातच अवघड, त्यात खोल खालचा बाक आणखी भर घालतो. आठवड्यातले चार दिवस शाळेच्या मुरमावर आणि एक दिवस टर्फवर खेळत असाल, तर स्टिक मुरमाला धरून निवडा.

टप्पा २: आत्ता हातात असलेली स्टिक मोजा

नवी स्टिक कशाच्या तुलनेत हवी, हे ठरवायला जुनीचे आकडे हवेत. त्यासाठी महागडं साधन लागत नाही.

१. खोक्याचा जाड, न वाकणारा पुठ्ठा घ्या. त्यातून ३० सेंमी लांब काटकोन त्रिकोण कापा, एका टोकाला उंची ३ सेंमी आणि दुसऱ्या टोकाला शून्य. ही झाली पाचर. तिच्या लांबीवर प्रत्येक सेंटिमीटरला उंची बरोबर १ मिमी वाढते.

२. पाचरीच्या टोकापासून दर सेंटिमीटरवर खूण करून १ ते ३० आकडे घाला. २४व्या खुणेवर उंची २४ मिमी.

३. खरोखर सपाट जागा शोधा. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किंवा काचेचं टेबल उत्तम. लाकडी टेबल बहुधा मधे बसकं झालेलं असतं.

४. स्टिक सपाट बाजू खाली करून ठेवा. हाताने दाबू नका.

५. हेडच्या तळापासून २०० मिमीवर पेन्सिलची पहिली खूण करा, मग २२५, २५०, २७५, ३००, ३२५ आणि ३५० वर. तळ म्हणजे खेळताना जमिनीला टेकणारा हेडचा गोल भाग, हुकचं टोक नव्हे.

६. प्रत्येक खुणेपाशी पाचर उभी धरून, स्टिकला काटकोनात, बारीक टोक पुढे करून हलकेच सरकवा. जवळच्या कडेला जिथे अडली, तो आकडा लिहा.

सर्वांत मोठा आकडा म्हणजे तुमचा बो, आणि तो ज्या खुणेवर आला ते त्याचं स्थान. लागोपाठच्या दोन खुणांवर सारखाच आकडा आला तर स्थान त्यांच्या मधे धरा.

> तपासा: दांड्यावर एकावर एक दोन-तीन ग्रिप चढवल्या असतील तर वरचं टोक उचललं जातं आणि आकडा थोडा जास्त येतो. दोन स्टिकची तुलना करताना दोन्हींवर ग्रिपचे थर सारखे असू द्या. जादा ग्रिपचा आणखी एक धोका असा की सगळ्या आवरणांसकट स्टिक ५१ मिमी आतल्या व्यासाच्या कडीतून जावी लागते. सामन्याआधी पंच ती कडी लावून पाहू शकतात.

टप्पा ३: आकड्यांचा अर्थ लावा

मोजून आलेला आकडा ढोबळमानाने या तिघांपैकी एकात बसेल.

*रेग्युलर:* साधारण २० मिमी, ३०० मिमीच्या आसपास किंवा त्याहून वर.
*मिड:* साधारण २४ मिमी, २५० मिमीच्या आसपास.
*लो:* २४ ते २५ मिमी, २०० ते २१५ मिमीवर.

आता या फरकाने बॉलचं काय होतं ते पाहू, कारण गोंधळ सगळा इथेच होतो.

बाकामुळे स्टिकचा खालचा भाग पुढे वळलेला असतो. म्हणजे दांडा अगदी उभा धरला, तर हेडची सपाट बाजू समोर पाहत नाही, जराशी आकाशाकडे पाहते. किती ते काढता येतं. बाकाच्या खालचा आणि वरचा भाग सरळ रेषेत आहे असं धरून ३६.५ इंची, म्हणजे सुमारे ९२.७ सेंमीच्या स्टिकचा हिशेब केला, तर दांडा आणि खालचा भाग यांच्यातला कोन रेग्युलरमध्ये साडेपाच अंशांच्या आसपास येतो, मिडमध्ये साडेसात आणि लोमध्ये पावणेनऊच्या जवळ.

रेग्युलरवरून लोवर गेलं की फरक तीन अंशांचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिट मारताना दोन्ही हात दांड्याच्या वरच्या टोकाशी असतात, बॉलपासून सुमारे ८५ सेंमी वर. तिथे तीन अंश म्हणजे चार ते पाच सेंटिमीटर. लो बोच्या स्टिकने तितकीच सपाट हिट मारायची, तर बॉलला स्टिक लागण्याच्या क्षणी हात नेहमीपेक्षा चार-पाच सेंमी पुढे असायला हवेत. सवयीने ते जुन्याच जागी राहतात, आणि बॉल उडतो.

थांबवतानाही हेच. आकाशाकडे पाहणाऱ्या बाजूवर जोरात आलेला बॉल वर चढतो.

ड्रॅग-फ्लिकमध्ये मात्र हाच कोन उपयोगी पडतो. बॉल हेडच्या वर, दांड्याच्या खालच्या भागाला लागून घसटत नेला जातो. बाक खाली असेल तर त्याला तिथे खोबणीसारखी जागा मिळते, तो जास्त वेळ स्टिकला चिकटून राहतो आणि शेवटी वेगाने सुटतो. स्कूपला आणि बचावपटूच्या स्टिकवरून बॉल उडवण्यालाही बॉलखाली शिरायला कमी वाकावं लागतं.

टप्पा ४: निर्णय

क्रम चुकवू नका. आधी लांबी, मग वजन, मग बो, आणि कडकपणा व हेडचा आकार शेवटी. लांबी चुकली तर उभं राहण्याची पद्धत बदलते, बॉल शरीरापासून भलत्या अंतरावर जातो, आणि त्या अवस्थेत केलेली बोची चाचणी खोटी ठरते. प्रौढांसाठी ३६.५ इंच सर्वांत जास्त चालते, उंच खेळाडूंना ३७.५. खेळायचे बूट घालून सरळ उभं राहून, स्टिक शेजारी टेकवली की वरचं टोक कमरेच्या हाडाच्या आसपास यावं. वजनाची नियमातली कमाल मर्यादा ७३७ ग्रॅम आहे. हल्लीच्या स्टिक तिच्या कितीतरी खाली, बहुतेक ५१० ते ५६० ग्रॅममध्ये असतात.

आता बो.

रेग्युलर घ्या, जर पहिला आणि तिसरा रकाना मिळून कागद भरला असेल, मैदान उसळतं असेल, किंवा खेळाडू चौदाच्या आतला असेल. या वयात हात पुढे ठेवून सपाट हिट मारण्याची आणि मऊ हातांनी बॉल थांबवण्याची सवय लागायची असते. लो बो दिला की मूल बॉल उडू नये म्हणून मनगट दाबायला शिकतं, आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही. पालकांनी इथे हट्टाला बळी पडू नये, असं अगदी मनापासून सांगावंसं वाटतं.

मिड घ्या, जर चारही रकान्यांत काही ना काही असेल. टर्फवर नियमित खेळणाऱ्या बहुतेकांना हाच जुळतो. निवड होत नसेल तरीही मिडच. त्याच्यावरून पुढे कुठल्याही बाजूला सरकता येतं.

लो घ्या, जर संघाच्या पेनल्टी कॉर्नरला बॉल तुमच्याकडेच येत असेल, किंवा एरियल टाकणं हे तुमचं ठरलेलं काम असेल, आणि सपाट हिट तुम्हाला आधीपासून भरवशाने येत असेल. हे 'आणि' महत्त्वाचं आहे.

पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये भारताच्या हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर मिळून १० गोल केले. ते पाहून लो बोची स्टिक मागणारी मुलं दुकानात येणं साहजिक आहे. पण ड्रॅग-फ्लिकरचा वेग येतो तो पावलांच्या क्रमातून आणि कमरेच्या वळणातून. बाक त्या वेगाला वाट करून देतो, वेग तयार करत नाही.

> खबरदारी: पेनल्टी कॉर्नरला गोलवर मारलेला पहिला फटका हिट असेल, तर तो गोलरेषेवर ४६० मिमीपेक्षा, म्हणजे बॅकबोर्डच्या (गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या) उंचीपेक्षा वर असता कामा नये, नाहीतर गोल धरला जात नाही. फ्लिकला आणि स्कूपला ही मर्यादा नाही, फक्त तो धोकादायक नसावा. कॉर्नरला हिट मारणारा खेळाडू लो बो घेऊन उभा राहिला, तर चांगला लागलेला बॉलही बॅकबोर्डच्या वर जाऊन वाया जाण्याची भीती कायम असते.

टप्पा ५: दुकानात काय तपासायचं

पाचर आणि मोजपट्टी बरोबर न्या. स्टिक जिथे बनतात त्या जालंधर-मेरठहून थेट मागवणार असाल, तर विक्रेत्याकडून बोचे दोन्ही आकडे लिहून मागा. 'लो बो आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

- काउंटरच्या काचेवर स्टिक पालथी ठेवून टप्पा २ प्रमाणे किमान तीन ठिकाणी मोजा: २००, २५० आणि ३०० मिमीवर.
- ठेवल्यावर हेड डगमगतं का पाहा. डगमगलं तर सपाट बाजू सपाट नाही किंवा स्टिक पिळलेली आहे.
- दांड्याच्या वरच्या टोकाशी एक डोळा लावून खाली पाहा. हेडची सपाट बाजू दांड्याच्या सपाट बाजूच्या रेषेत दिसायला हवी.
- लाकडी स्टिक असेल तर प्रत्येक नग वेगळा मोजा. एकाच मॉडेलच्या दोन स्टिकचा बाक सारखा नसतो.
- वापरलेली कॉम्पोझिट (धागे आणि रेझिनची) स्टिक घेत असाल तर हेडपासून वर सुमारे २५ सेंमीपर्यंत नाण्याने हलकं टकटक करत जा. टणटणीत आवाज येता येता मधेच भद्द झाला, तर आतले थर सुटलेत. ती स्टिक परत ठेवा.

कार्बनबद्दल थोडक्यात. कार्बन जास्त म्हणजे स्टिक कडक, फटक्याला जोर जास्त, पण बॉल थांबवताना चूक कमी खपते. लो बो आणि फार जास्त कार्बन हे दोन्ही एकदम पहिल्यांदा घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बॉल उडतोय तो कशामुळे, तेच कळत नाही.

टप्पा ६: मैदानावरची चाळीस बॉलची चाचणी

मित्राची स्टिक मागून का होईना, विकत घेण्याआधी ही चाचणी कराच. जुनी आणि नवी, दोन्ही स्टिकने, त्याच दिवशी, त्याच बॉलने. वॉर्मअप आधी पूर्ण करा. थंड हातांची चाचणी जुन्या स्टिकच्या बाजूने झुकते.

१. दहा हिट. डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) वरच्या टोकावरून, म्हणजे गोलपासून साधारण १४.६ मीटरवरून, स्थिर बॉल. बॅकबोर्डच्या वर गेलेले मोजा.

२. दहा थांबवणं. जोडीदार १५ मीटरवरून जोरात पुश करेल. पाच सरळ, पाच रिव्हर्स. बॉल स्टिकपासून एका पावलात राहिला तरच जमा धरा.

३. दहा पुश, पाच मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन शंकूंमधून, चालत-चालत.

४. दहा उचललेले, तुमच्या कागदावर चौथ्या रकान्यात जो प्रकार जास्त होता तोच. ड्रॅग-फ्लिक असेल तर गोलमध्ये कुणालाही उभं करू नका.

नव्या स्टिकने पहिल्या दोन गटांत जुनीपेक्षा तीनहून जास्त बॉल वाया गेले, आणि चौथ्या गटात त्याच्या तोडीची कमाई झाली नाही, तर तो बो तुमचा नाही. पहिल्या गटात एखाद-दुसरा बॉल उडाला तर घाबरू नका, तो सवयीने बसतो.

टॉमाहॉक, म्हणजे स्टिकच्या कडेने रिव्हर्स फटका, मारत असाल तर त्याचे पाच वेगळे मारून पाहा. त्यात स्टिकची सपाट बाजू वर वळते आणि बाकाचा फुगवटा जमिनीकडे येतो. हा फुगवटा कुठे आहे त्यावर हात किती खाली न्यायचा ते ठरतं. नव्या बोने कड बॉलच्या मध्यावर लागते की वरून घसरते, ते पाच फटक्यांत समजतं.

टप्पा ७: पहिले दोन आठवडे

नवी स्टिक घेऊन थेट सामन्यात उतरू नका. सरावाचा क्रमही ठरलेला ठेवा: पहिले तीन-चार दिवस पुश आणि थांबवणं, मग स्लॅप, मग हिट, फ्लिक सर्वांत शेवटी. उत्साहाच्या भरात बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मग फ्लिकची मागे झुकलेली हाताची ठेवण हिटमध्ये शिरते.

बॉल उडत असेल तर दोनच गोष्टी बदला, तीही एकेक करून.

पहिली: बॉलची जागा. हिटसाठी बॉल पुढच्या, म्हणजे डाव्या पायाच्या समोर घेत असाल, तर तो अर्धा बॉल मागे घ्या. बॉलचा घेर २२४ ते २३५ मिमी, म्हणजे व्यास साधारण सव्वासात सेंमी. अर्धा बॉल मागे म्हणजे साडेतीन सेंमीच्या वर. टप्पा ३ मधल्या चार-पाच सेंमींपैकी बहुतेक भाग इथेच भरून निघतो.

दुसरी: थांबवताना डावा हात पुढे. वरचा हात बॉलच्या येण्याच्या दिशेला इतका झुकवा की हेडची सपाट बाजू किंचित जमिनीकडे पाहील. आरशासमोर बाजूने उभं राहून एकदा पाहिलं की लक्षात राहतं.

> तपासा: दोन आठवड्यांनी टप्पा ६ मधले पहिले दोन गट पुन्हा करा. आकडे जुन्या स्टिकच्या जवळ आले नसतील तर आणखी महिनाभर झगडू नका. स्टिक चांगल्या अवस्थेत आहे तोवर विका किंवा बदला.

बाक स्वतः वाढवायचा किंवा कमी करायचा प्रयत्न करू नका

हीट गनने तापवून कॉम्पोझिट स्टिक वाकवण्याचे प्रयोग केले जातात. तापल्यावर आतलं रेझिन मऊ होतं, धाग्यांवरची त्याची पकड सुटते, आणि बाहेरून काही न दिसता स्टिक कमकुवत होते. ती मोडते ती पुढे कधीतरी, भर फटक्यात, आणि तुकडा समोरच्याच्या अंगावर जातो. शिवाय बाक २५ मिमीच्या वर गेला तर ती स्टिक सामन्यात चालतच नाही.

लाकडी स्टिकचं उलटं आहे. तिचा बाक न मागता बदलतो. पावसाळ्यात ओली स्टिक भिंतीला तिरकी टेकवून ठेवली, की काही आठवड्यांत पाचर वेगळा आकडा दाखवते. पुसून, सावलीत, आडवी ठेवून वाळवा. जूनमध्ये एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल, तर ती सरावाला ठेवा आणि सामन्याला दुसरी काढा.